तिच्या नंबरावरचं चाक

भाद्रपदात, सोमवारी, माझी पत्नी वारली. पौषातल्या सहलीसाठी आमची दोघांची नावं दिलेली होती.

सहल फोटो काढणाऱ्यांची होती. कोल्हापुरातून मिनीबसनं निघायचं, कारवारला समुद्र गाठायचा आणि किनाऱ्यानं खाली केरळापर्यंत जायचं. फोटो ती काढणार होती. मी खिडकीशी वाचत बसणार होतो. आमच्या सगळ्या प्रवासांत वाटणी हीच असे. सहल नेणाऱ्या फोटोग्राफरांचा राजारामपुरीत स्टुडिओ आहे. त्यांनी फोन करून विचारलं, "दोन्ही नावं काढू का, सर?" मी म्हणालो, "एक राहू द्या." का म्हणालो ते आजही नीट सांगता येत नाही.

निघण्याआधी तिचा कॅमेरा बाहेर काढला. डोळा लावला तर आत सगळं धुरकट. बिघडला असेल म्हणून स्टुडिओत नेला. त्यांनी डोळा लावायच्या काचेशेजारचं हरभऱ्याएवढं चाक दाखवलं. चष्मा काढून बघणारे लोक आपल्या नंबराप्रमाणे ते फिरवून ठेवतात म्हणे. ती फोटो काढताना चष्मा कपाळावर सरकवायची, ते आठवलं. मला चष्मा फक्त वाचायला लागतो.

"तुमच्या डोळ्याला लावून देऊ?"

"नको."

"फोटो चांगलेच येतील, फोकस कॅमेरा धरतो. पण तुम्हाला काही दिसणार नाही, सर."

"चालेल," मी म्हणालो.

कागलला एक गृहस्थ चढले. त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आवाज मोठा, चष्मा जाड. माझ्याशेजारची तिची जागा त्यांना मिळाली होती आणि लॉजवरची माझी खोलीही त्यांच्याबरोबरच होती. "खिडकी तुम्ही घ्या काका," ते म्हणाले. "मला पाय पसराय कडंला बरं पडतंय." मग ते झोपले. बेळगाव गेलं तरी मी पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं.

किनाऱ्यावर बस कुठंही थांबायची. एखादा बगळा, वाळत घातलेलं जाळं, नारळाची वाकडी सावली. सगळे धावत उतरायचे आणि मला त्यांच्या पाठी दिसायच्या. मीही मागे उभा राहून कॅमेरा डोळ्याला लावायचो. आत रंगांचे डाग असायचे. बारीक बीप वाजला की बटण दाबायचं. संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात सगळे एकमेकांना आपापले फोटो दाखवत. माझे फोटो स्वच्छ निघत. चष्मा लावून ते बघताना, मी डाग म्हणून टिपलेला कुणीतरी म्हातारा जाळं शिवताना दिसायचा. ते दाखवायला शेजारी कुणी नसायचं. मी कॅमेरा बंद करायचो.

मलप्याच्या बंदरात सकाळी बोटी लागत होत्या. कागलकरांनी हात पुढे केला. "बघू काका, काकूंचा कॅमेरा." त्यांनी चष्म्यासकट डोळा लावला. "आयला, नुसतं धुकं हाय की ओ! आन् तुम्ही ह्यातनं फोटो काढतायसा व्हय?" त्यांचा अंगठा चाकावर गेला.

"हात लावू नका!"

मी ओरडलो होतो. नोकरीभर कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांना हळू बोला सांगत आलेला माणूस मी. मासे निवडणाऱ्या बायका वळून बघू लागल्या.

"ते चाक तिच्या नंबरावर आहे," मी म्हणालो. एवढंच सांगता आलं.

त्यांनी अंगठा काढला. थोड्या वेळानं विचारलं, "किती नंबर हुता काकूंचा?"

"उणे तीन."

"माझापन तेवढाच हाय की." त्यांनी चष्मा काढून शर्टाला अडकवला आणि पुन्हा डोळा लावला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"बोटीला लिंबू-मिरची बांधल्यात. एक बाई बांगडं निवडायलीया, कानात कुड्या हायत तिच्या. दोरावर कावळा बसलाय."

"आणखी?"

"आनखी काय... स्वच्छ हाय काका. लई स्वच्छ."

बंदर माझ्याही समोर होतं. कावळा मलाही दिसत होता. पण ती जिथून बघायची तिथून तो त्यांना दिसत होता, मला नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

कॅमेरा परत देताना ते म्हणाले, "खूण करा की काका. चाकावर टिपका द्यायचा, फिरवायचं, पोटभर बघायचं, परत टिपक्यावर आनायचं. नंबर जातोय कुठं?"

त्या संध्याकाळी फोटोग्राफरांकडच्या पांढऱ्या शाईनं कागलकरांनीच टिपका दिला. मी दिवा धरला.

पुढं केरळापर्यंत आमचा एक रिवाज पडला. बस थांबली की कॅमेरा आधी त्यांच्याकडे जायचा. ते चष्मा काढून बघायचे आणि काय दिसतं ते मला सांगायचे. मग मी घ्यायचो आणि धुक्यात बटण दाबायचो. परतताना कागलला ते उतरले, हात हलवला, आणि तिथून कोल्हापूरपर्यंत शेजारची जागा रिकामी होती.

परवा त्यांचा फोन आला. "काका, फिरवलं का चाक?"

"नाही."

"असू दे मग. घाई काय हाय."

कॅमेरा तिच्या कपाटात आहे. चाक टिपक्यावर आहे. मला त्यातून धुरकट दिसतं.