व्यायाम व्हयना का, माय?

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मात माझं वाईट चिंतलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोक त्यांच्या नावानं बोटं मोडतील. तो हक्क फक्त माझा, आणि मी तो पुष्कळ बजावला आहे.

सतराव्या वर्षी मी विधवा होऊन माहेरी परतले. गाव धुळ्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गावातल्या इतर घरांत अशा मुलीचा पाट लावून तिला पुन्हा नांदायला पाठवत, पण आमच्या घराला पाटीलकीचा तोरा! आमच्यात मुलीनं मधल्या खोलीत बसायचं. खिडकी नाही, उजेड नाही. आई ताट ठेवी आणि डोळ्यांना पदर लावून निघून जाई. घर माणसांनी भरलेलं, पण माझ्याशी बोलायला कुणी नाही. वर्ष सरता सरता मला श्वास पुरेना. चार पावलं टाकली की धाप लागे, घास उतरत नसे.

आबा घाबरले. गाडी जुंपून मला धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "छातीत दोष नाही. पोरगी कोंडून कोंडून अशी झालीय. हिला व्यायाम हवा."

"बाईमाणसाला व्यायाम?" आबा दचकलेच.

"का? बाईला फुप्फुसं नसतात?"

आबांच्या लेखी व्यायाम म्हणजे माझा थोरला भाऊ. तो सकाळी तालमीत जोर-बैठका काढी, संध्याकाळी हुतूतू खेळे, आणि घरी आला की तांब्याभर दूध त्याच्यापुढे येई. परतीची अर्धी वाट सरल्यावर आबा मोठ्या समाधानानं म्हणाले, "घाम निंघाले पाहिजे, इतलंच ना?"

घरी पोचताच आईला हुकूम सुटला, "आते बठ्ठं दयन हाईच करी." सगळं दळण आता हिनंच करायचं! दळायला येणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवसापासून नको म्हणून सांगितलं. ती बिचारी मला मनातल्या मनात शिव्या देत गेली असेल. त्यात तिचं काय चुकलं?

जातं मागच्या अंधाऱ्या खोलीत होतं. पहाटे उठून ज्वारी-उडदाचं, कळण्याच्या भाकरीचं पीठ काढायचं. पीठ नाकातोंडात जाई, खोकून खोकून जीव नकोसा होई. दळताना बायका दोघी बसतात, ओव्या म्हणतात. मी एकटी. एकटीनं ओवी म्हणायची लाजही वाटे आणि तेवढा दमही नसे. उजाडलं की आबा दारातून मायेनं विचारत, "व्यायाम व्हयना का, माय?" झाला का व्यायाम! मी मान हलवी. भावाला व्यायामानंतर दूध, मला शेणाची पाटी. असा संताप येई म्हणता! पण संताप करायलाही श्वास लागतो.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, पंधरा पंधरा दिवस झोके बांधलेले असतात, आणि एरवी पदर ढळू न देणाऱ्या पोरी झाडाच्या शेंड्यापर्यंत जाऊन किंचाळतात. आमच्या घरामागच्या निंबाला मोठा झोका असे. लग्नाआधी मी आणि शेजारची माझी मैत्रीण फळीवर समोरासमोर उभ्या राहून तो असा चढवत असू की बघणाऱ्यांनी "पुरे, पुरे" म्हणून ओरडावं. आता ती सासरहून आली होती. मी मात्र दाराआडून झोका बघायचा. विधवेनं झोक्याला हातसुद्धा लावायचा नाही.

भर दुपारी, उन्हानं गाव निपचित पडलं की झोका मोकळा असे. पहिल्या दिवशी मी नुसता दोर धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी फळीवर चढले. एकटीनं तो झोका चढवणं सोपं नाही. समोरून दाब द्यायला कुणी लागतं. तरी वाकले, उठले, वाकले, उठले. हळूहळू वारा कानात शिरला, आणि देवा, माझा श्वास पोटापर्यंत गेला! वर्षभरात पहिल्यांदा. मी उतरून निंबाला टेकून रडले. आनंदानं रडले, खोटं कशाला सांगू.

मग रोज जाऊ लागले. चौथ्या दिवशी मैत्रिणीनं पाहिलं. ती जवळ आली. मी म्हटलं, "ये ना गं. एकदाच." तिनं एक पाय फळीवर ठेवला, आणि तिचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राच्या पोतीकडे गेला. पाय खाली आला. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. ती माझ्याकडे पाठ करून वाटेवर राखण करत उभी राहिली. म्हणाली, "मी काही देखं नही, बरं!" कुणी विचारलं तर हे खरेपणानं सांगता यावं म्हणून पाठ. उरलेल्या सगळ्या दुपारी ती तशी उभी होती, आणि मी तिच्या पाठीकडे बघत झोके घेत होते.

झोके सुटले, मुली गेल्या, आणि आबा मला परत धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टर नळी लावून खूश झाले. "छाती मोकळी झाली की! काय केलंस?"

आबा शेजारीच उभे होते. झोका म्हटलं असतं तर निंब तुटला असता, आईला बोल लागला असता, मैत्रिणीचं माहेरपण बंद झालं असतं.

"दळण," मी म्हटलं.

"नुसतं दळण?" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नुसतं दळण."

"मग चालू ठेव," ते म्हणाले. आबांची छाती माझ्याहून फुगली.

पुढच्या आखाजीला मैत्रीण आली ती ओळखू येईना. बाळंतपणातून उठलेली, पांढरीफटक, बोलताना धापा टाकणारी. ती झोक्यावरही चढली नाही. तिला न्यायला सासरे आले तेव्हा आमच्या ओट्यावर चहाला बसले, सुनेच्या दुखण्याचं सांगू लागले. आबांनी हातच वर केला. "औषध नको नि काही नको. तिला जात्यावर बसवा. बठ्ठं दयन करू द्या. आमनी पोर त्यावरच बरी व्हयनी." आणि मला हाक मारली. "सांग वं, माय, तूच सांग."

सासरे माझ्याकडे बघू लागले. त्यांच्यामागे मैत्रीण गाठोडं घेऊन उभी होती. मी कशानं बरी झाले हे जगात आम्हा दोघींनाच ठाऊक. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"हो," मी म्हटलं, "दळणानंच."

आणि तिच्याकडे पाठ करून घरात गेले. गाडीच्या घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आबांनी दारातून विचारलं, "व्यायाम व्हयना का, माय?"