शेजारचे उस्ताद आणि त्यांची वार्षिक फायरिंग

हातात येणारी प्रत्येक वस्तू म्हणजे भरलेली बंदूक आहे असं समजून वागणारा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये एकच असेल, आणि तो नेमका हवल्लीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंचे हे वडील. त्यांची सारी हयात सांगलीकडे पोलिसखात्यात गेली, तीही शिपायांना बंदूक आणि पिस्तूल चालवायला शिकवण्यात. म्हणून खात्यात त्यांना उस्ताद म्हणत, आणि आमच्या बिल्डिंगमध्येही तेच नाव चालू राहिलं. टीव्हीचा रिमोट मागितला तर उस्ताद आधी त्याचं तोंड जमिनीकडे वळवतात, मग मागची बाजू पुढे करून तो तुमच्या हातात देतात. माझ्या बायकोनं एकदा बोलण्याच्या भरात त्यांच्या दिशेनं लाटणं रोखलं, तर उस्ताद खुर्चीसकट बाजूला सरकले आणि गंभीरपणे म्हणाले, "ताई, ज्याला मारायचं नाही त्याच्याकडं तोंड करायचं नाही." त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात लाटणं खाली रोखलेलंच असे, आणि मला उगाचच फार सुरक्षित वाटत असे.

उजवा हात त्यांनी कधी कशात गुंतवला नाही. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, येताना दूध, कांदे, खुबूसच्या रोट्या, सगळ्या पिशव्या डाव्या हातात. बोटं काळीनिळी झाली तरी उजवा मोकळा. मी एकदा म्हटलं, "अहो उस्ताद, इथं तुमच्यावर कोण चालून येणार आहे?" तर म्हणाले, "कोण येतंय ते आल्यावर कळतंय. तवर हात मोकळा पाहिजे की." हॉटेलात त्यांना दाराकडे तोंड असलेली खुर्ची लागते. एकदा तशी मिळाली नाही, तर या गृहस्थांनी भिंतीला पाठ लावून उभ्यानं फलाफल खाल्लं, आणि वेटर बिचारा सारखा येऊन काही चुकलं का म्हणून विचारत राहिला. रोज सकाळी उन्हं तापायच्या आत ते गच्चीवर जातात आणि पाण्यानं भरलेली बाटली हात ताठ करून टाकीकडे रोखून धरतात, मनगट हलू नये म्हणून. आमचा इजिप्शियन हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, आधी लांबून बघायचा. हल्ली तोही शेजारी बाटली धरून उभा राहतो. त्याला मराठी येत नाही, यांना अरबी येत नाही, पण श्वास कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे त्याला आता माझ्यापेक्षा बरं कळतं.

उस्तादांकडे स्वतःचं, परवान्याचं एक रिव्हॉल्वर होतं. नोकरीत असताना त्यांनी एका नामचीन गुंडाविरुद्ध साक्ष दिली होती, त्यामुळे निवृत्तीनंतर स्वसंरक्षणासाठी ते त्यांना मिळालं. तो गुंड आता म्हातारा झालाय, गुडघ्यांनी बेजार आहे आणि दर दिवाळीला उस्तादांना मोबाइलवर पणत्यांचं चित्र पाठवतो. उस्तादही त्याला उलट शुभेच्छा धाडतात, वर गुडघ्यांना लावायचं तेल सुचवतात. तरी परवाना त्यांनी सोडला नव्हता. परदेशी यायचं म्हणून हत्यार सांगलीच्या ठाण्यात जमा केलेलं, आणि दर आठवड्याला तिथल्या हवालदाराला यांचा फोन जायचा. "कसं आहे?" असं विचारत, जणू दवाखान्यात ठेवलेल्या भावाची चौकशी चाललीय. दमट हवेत गंज धरेल याची काळजी त्यांना इथल्या कोरड्या वाळवंटात बसून झोप येऊ देत नसे.

पण त्यांची खरी गंमत, आणि खरं मोठेपणही, वेगळंच. नोकरीतल्या पोलिसाला वर्षातून एकदा फायरिंगची परीक्षा द्यावी लागते. निवृत्त माणसाला ती कुणी विचारत नाही. उस्ताद मात्र निवृत्तीनंतरही दर वर्षी ती स्वतःहून देत आले. "सरकार मागत न्हाई, मी मागतोय," हे त्यांचं म्हणणं. "ज्याचा नेम गेला त्यानं हत्यार ठेवायचं न्हाई." याच नियमापायी त्यांनी एकदा खुद्द आपल्या वरिष्ठ साहेबाला नापास केलं होतं आणि बदलीही ओढवून घेतली होती. आणखी एक नियम होता: आपलं टार्गेट आपण वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं, कारण आपल्या गोळीवर प्रत्येकाची माया असते.

यंदा परवान्याच्या नूतनीकरणाचं वर्ष आलं आणि उस्ताद इथं. बायको गेल्यापासून लेकीनं त्यांना आणून ठेवलेलं. डॉक्टरीणबाई डोळ्यांच्याच डॉक्टर, त्यामुळे बापाच्या डोळ्यांत काय चाललंय हे त्यांना बापापेक्षा जास्त ठाऊक होतं. नजर अधू होत चाललीय हे त्या सांगून थकल्या. "मशीनवर काय कळतंय?" उस्ताद म्हणायचे, "टार्गेटवर कळतंय." शेवटी बापलेकींचा सौदा ठरला. पास झाले तर सांगलीला परत जाऊन आपल्या घरात एकटे राहणार, बाईंनी अडवायचं नाही. नापास झाले तर परवाना सोडून इथंच राहायचं. जावई नोकरीपायी वाळवंटातल्या तेलविहिरींवर, म्हणून बाई मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही चला बरोबर. मला एकटीला नाही जमणार."

शहराबाहेर एका ठिकाणी पैसे भरून नेमबाजीचा सराव करता येतो. शुक्रवारी सकाळी आम्ही तिथं गेलो. उस्तादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी दोनदा केली होती. तिथला तरुण कुवेती शिक्षक त्यांना पिस्तूल कसं धरायचं हे सांगायला पुढं आला आणि त्यांची उभं राहायची पद्धत बघून दोन पावलं मागं झाला. उस्तादांनी स्वतःलाच हळू आवाजात हुकूम दिला आणि गोळ्या झाडल्या. मग नियमाप्रमाणं टार्गेटकडे पाठ करून उभे राहिले. "वाच, पोरी."

कागद सरकत पुढ्यात आला. मी बाईंच्या मागेच होतो. मधलं काळं वर्तुळ जवळजवळ कोरं होतं. भोकं होती ती कडेकडेनं, आणि काही गोळ्यांनी तर कागदालाही शिवलं नव्हतं. या एका कागदानं बाईंना हवं ते सगळं दिलं होतं. नुसतं खरं वाचलं की बाप जवळ राहणार होता. बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग बापाच्या ताठ पाठीकडे पाहिलं.

"पास, बाबा," त्या म्हणाल्या.

"काळ्यात किती?"

"आहेत की. पुरेशा आहेत."

उस्ताद वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "गोळी कुठं गेली ते सुटतानाच हाताला कळतंय, बाळ. कागद मागनं बघायचा असतोय." मग वळले आणि लेकीकडे बघून हसले. "मला सांगलीला धाडायला निघालीस व्हय?"

"तुम्हाला जायचंय ना! मग जा," बाई म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडू लागल्या. तो कुवेती पोरगा गोंधळून पाण्याची बाटली घेऊन धावला.

"साहेबाला सोडलं न्हाई मी. मला कसं सोडू?" एवढंच उस्ताद म्हणाले. त्यांनी कागद काढला, घडी करून शिक्षकाला परत दिला आणि त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. गाडीपाशी उभ्या उभ्याच सांगलीच्या ठाण्यात फोन लावला आणि हवालदाराला सांगितलं, की परवाना पुढं चालवायचा नाही, हत्यार सरकारजमा करायला काय कागद लागतील ते कळव. आवाज अगदी कोरडा होता. पलीकडून हवालदारच काहीबाही समजूत घालत असावा, कारण उस्ताद मध्येच म्हणाले, "अरे, रडतोस काय गाढवा!" मला उस्तादांविषयी त्या क्षणी इतकं प्रेम वाटलं, की मी चष्मा पुसायचं निमित्त करून गाडीच्या पलीकडे गेलो.

परतताना बाई गाडी चालवत होत्या, उस्ताद शेजारी, मी मागे. बाहेर धुळीनं सगळं पिवळट झालेलं. उस्ताद समोर बघतच म्हणाले, "फायरिंगला नापास झालेल्या पोराला मी त्या दिवशी एकटं घरी जाऊ द्यायचो न्हाई. कोण ना कोण बरोबर द्यायचोच. मन खट्टू झालेला माणूस, वाटेत एकटा नको."

आणि लेकीकडे वळून म्हणाले, "आज तू हाईस की."

बाईंनी एक हात स्टीअरिंगवरून काढून त्यांच्या उजव्या हातावर ठेवला. हवल्ली येईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही, आणि उस्तादांनीही आपला हात सोडवून घेतला नाही.