विनायकरावांचा पहिला नकार

आता हसू नका, आधीच सांगून ठेवतो. एवढी वर्षं झाली तरी ही गोष्ट आठवली की माझं डोकं फिरतं. आधी त्या जर्मन साहेबावर, मग कामतावर, आणि शेवटी जिथं फिरायला हवं तिथंच, म्हणजे माझ्या स्वतःवर. चहा गार होतोय तुमचा, घ्या.

साठच्या दशकाची सुरुवात. मी जर्मनीत एर्लांगेनला डॉक्टरेट करत होतो. आम्ही भारतीय विद्यार्थी पंचवीस-तीस असू, आणि आमचं एक मंडळ होतं. अध्यक्ष विनायकराव दामले. पुण्याचे, आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. या माणसानं चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर पाद्रीबुवांकडून दर रविवारी मंडळासाठी मिळवलं होतं.

त्यात काय एवढं, असं वाटतंय ना? अहो, माझ्या घरमालकिणीकडे मी एकदाच फोडणी केली. हिंग तेलात पडला आणि बाई वरच्या मजल्यावरून पाण्याची बादली घेऊन खाली आल्या. त्यानंतर माझ्या खोलीत फक्त ब्रेड, चीज आणि अपमान. आठवडाभर ते गिळायचं आणि रविवारी तळघरात विनायकरावांच्या हातचं पिठलं-भात खायचा. त्या पिठल्यावर आमच्या पदव्या चालल्या होत्या.

त्या वर्षी अध्यक्षपदाला कामत उभा राहिला. मुंबईचा. म्हणे तळघरातला स्वयंपाक बंद करू आणि टेबल टेनिस सुरू करू. याची घरमालकीण प्रेमळ, अंड्याची आमटी करू द्यायची, मग याला टेबल टेनिस सुचणारच. मी असा भडकलो की त्याच दिवशी विनायकरावांचा प्रचारप्रमुख झालो. मला कोणी नेमलं नव्हतं, मीच झालो.

महिनाभर सायकल हाणली. खोली खोली गाठली, एकेकाला पिठल्याची शपथ घातली. आमचा एक पटेल जवळच्या हेर्त्सोगेनआउराख गावी कारखान्यात काम शिकत होता. त्याच्या एका मतासाठी बर्फातून गेलो, दोनदा आपटलो. तो म्हणाला, "जोशी, पोस्टकार्ड टाकलं असतंस तरी चाललं असतं." त्याच्यावरही चिडलो.

सभेच्या आदल्या दिवशी मी विनायकरावांकडे गेलो, आणि इथंच माती खाल्ली.

"उद्या नाव पुकारलं की लगेच हो म्हणू नका," मी म्हणालो. "हपापल्यासारखं दिसतं."

"मग काय म्हणू?"

"आधी नको म्हणा. आता तरुणांना संधी द्या, वगैरे. आम्ही आग्रह करतो. परत नको म्हणा, आम्ही परत आग्रह करतो. तिसऱ्यांदा म्हणा, सगळ्यांच्या इच्छेपुढे माझा नाइलाज आहे."

"जोश्या, मला व्हायचंय अध्यक्ष. सरळ हो म्हणतो की."

"अहो, कसं दिसेल ते? माझ्यावर सोपवा."

आता तुम्हीच सांगा, पंगतीत पहिल्या वाढपाला हो म्हणणारा माणूस आपल्याकडे शहाण्यात गणतात का? मी आमच्या बाजूच्या सगळ्यांना पढवून ठेवलं, दामले नको म्हणाले की आग्रहाचा गलका करायचा.

निवडणूक घ्यायला विद्यापीठाच्या कचेरीतले एक हेर डॉक्टर, म्हणजे डॉक्टरसाहेब, आले होते. समोर कागद, हातात टाक, शेजारी टीपकागद.

"हेर कामत, उमेदवारी स्वीकारता?"

"जा," कामत म्हणाला. जा म्हणजे जर्मनमध्ये हो. लाज नाही, शरम नाही. साहेबांनी लिहिलं.

"हेर दामले, स्वीकारता?"

विनायकराव उठले, हात जोडले आणि जर्मनमध्ये नाही म्हणाले. "नाईन. आता तरुणांना..."

"नाईन," म्हणत साहेबांनी लिहिलं आणि वर टीपकागद दाबला.

आम्ही ठरल्याप्रमाणे गलका केला. असं कसं, असं कसं, घ्या हो. आणि विनायकराव, अहो काय सांगू, ते ठरल्याप्रमाणे दुसऱ्यांदा नाईन म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," साहेब आमच्याकडे रागानं बघून म्हणाले. "दोनदा सांगितलंय त्यांनी. त्यांच्यावर जबरदस्ती करू नका."

विनायकरावांचा चेहरा पडला. घाईघाईनं म्हणाले, "नाइलाज आहे, स्वीकारतो."

साहेबांनी मंडळाची नियमावली उघडली. नाकारलेली उमेदवारी त्याच सभेत पुन्हा स्वीकारता येत नाही, कलम सात. ती नियमावली कोणी टाइप केली होती? मी. कबुतरं पाळणाऱ्या एका जर्मन मंडळाची मिळवली होती आणि कबुतरांच्या जागी विद्यार्थी घातले होते. कलम सात मी वाचलंसुद्धा नव्हतं.

मी उठून ओरडायला लागलो. साहेब म्हणाले, हात वर करून बोला. हात वर केला.

"आल्झो, तर मग आपण स्वतः उमेदवार आहात का? जा की नाईन?"

समोर कामत हसत होता. मला डोळ्यांपुढे टेबल टेनिसचं टेबल दिसलं आणि पिठल्याची कढई जाताना दिसली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"जा," मी म्हणालो.

महिनाभर ज्यांना पिठल्याची शपथ घातली होती, त्या सगळ्यांनी मला मतं दिली. मी अध्यक्ष झालो.

कामतानं येऊन माझा हात हातात घेतला. "जोशी, मानलं तुला. असा डाव मला सुचला नसता."

विनायकरावांनी स्वयंपाकघराची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "आधी नको म्हणा, म्हणालास. माझ्यावर सोपवा, म्हणालास." एवढंच बोलले आणि कोट घालून निघून गेले. मला असं रडू आलं होतं, पण रागानं तेही नीट आलं नाही.

स्वयंपाकघर वाचलं, पण रांधायचं कोणी? अध्यक्षांनी. माझ्या पिठल्यात गुठळ्या, भात खाली करपलेला. पाद्रीबुवा एकदा खाली आले, खिडकी उघडून गेले. तिसऱ्या रविवारी जेवायला मी आणि पटेल, आणि पटेल ब्रेड घेऊन आला होता.

शेवटी विनायकरावांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "कट नव्हता हो. मूर्खपणा होता. पाहिजे तर दोन थोबाडीत द्या, पण माझ्याबद्दल असा विचार करू नका." त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. मग म्हणाले, "बेसन आहे का शिल्लक?"

त्या रविवारी तळघर परत भरलं. कामतसुद्धा हजर, निर्लज्ज. विनायकरावांनी लसणाची फोडणी दिली आणि मी इतक्या दिवसांची भूक भागवली. दुसऱ्या फेरीला ते कढई घेऊन माझ्यापाशी आले. कढईत तळाला शेवटचं थोडं उरलं होतं, खरवडीसकट.

"जोश्या, वाढू आणखी?"

जन्माची सवय हो. तोंडातून निघून गेलं, "नको नको, बस झालं."

विनायकरावांनी खिशातून पेन्सिल काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर काहीतरी लिहिलं आणि तळव्यानं वरून दाबलं. मग शेजारी वळले.

"कामत, तुला?"

"जा," कामत म्हणाला, आणि ताट पुढे केलं.