गजावर टेकलेला मालक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

बजाजनगरजवळच्या एका कारखान्यात माल तपासायला गेलो होतो. मालक पन्नाशीचा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. पण उभा राहायचा तो मेंढपाळासारखा, एका पायावर, दुसरं पाऊल गुडघ्याला टेकवून, सारा भार लोखंडी गजावर टाकून.

"बसा की, शेठ," मी म्हणालो.

"बसलं की झोप येती, साहेब. लहानपणी डोळा लागला की मेंढरं दुसऱ्याच्या पिकात शिरायची आन् मार मला बसायचा. तवापासून असाच उभा हाय."

शाळा त्यानं कुंपणाबाहेरूनच पाहिलेली. पाढे मात्र तिथूनच ऐकून पाठ केले होते.

जेवणाची सुट्टी झाली. भोंगा बिघडला होता, म्हणून त्यानं जीभ टाळ्याला लावून मेंढरं वळवायचा आवाज काढला.

"आलो शेठ, काठी नका घेऊ," म्हणत कामगार हसत डब्यांकडे निघाले. मी दाराबाहेर पडत होतो, पण त्या आवाजासरशी मीही नकळत मागं वळलो होतो.

त्यानं ते बरोबर पाहिलं. "साहेब, गाव कोणतं तुमचं?"

"पुणे."

"व्हय? मग पुण्याची माणसंबी हाकेला वळत्यात म्हणायची."

एवढं बोलून त्यानं माझ्यापुढं भाकरी सरकवली. पुन्हा काही विचारलं नाही.

फुलंब्रीच्या माळावर माझा बाप मेंढरांना आणि मला याच आवाजानं बोलवायचा. त्या माणसाला मी माझ्या गावाचं नाव देणं लागतो.