शिशाचा डबा आणि क्रेनवाले चाचा

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात आम्ही शिशाचा एक जाडजूड डबा बनवला होता. कॅन्सरच्या उपचारांना लागणारा किरणोत्सर्गी कोबाल्ट त्यातून ट्रकनं जाणार होता. वाटेत ट्रक उलटला तरी डबा फुटता कामा नये, म्हणून तो रिकामाच तीस फुटांवरून जाड लोखंडी प्लेटवर टाकून बघायचा होता. भाड्याच्या क्रेनबरोबर शहागंजचे एक चाचा आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

डबा वर गेला. मी इशारा केला आणि चाचांनी तो झोपलेलं बाळ ठेवावं तसा अलगद खाली ठेवला.

"चाचा, ठेवायचा नाही. वरूनच सोडायचा."

"व्हय, व्हय," म्हणत त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि डबा वर नेऊन पुन्हा तसाच अलगद ठेवला. तपासणीला आलेले अधिकारी घड्याळ बघू लागले.

चाचा खाली उतरून माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, तीस वर्षांत माझ्या हातून खिळाबी पडला नाय. हात ऐकंना."

"चाचा, रस्त्यात फुटला तर माणसं मरतील. ते आजच कळायला हवं."

ते पुन्हा क्रेनवर चढले. डबा तीस फुटांवर नेला, डोळे मिटले आणि हुकाचा खटका ओढला. जमीन हादरली. डब्याचा कोपरा चेपला, पण झाकण जागचं हललं नाही. अधिकारी खूश झाले.

मी वहीत 'डबा तीस फुटांवरून पडला' असं लिहीत होतो. चाचा मागून वाकून बघत होते.

"साहेब, पडला नाय," ते म्हणाले. "पाडला, असं लिवा."

मी खोडून तसं लिहिलं.