हंस बोलावणारी डेल्फीन

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या अथाबास्का नदीकाठच्या त्या गावात डेल्फीनसमोर जपून बोलावं लागे. सकाळी तिच्यासमोर बोललेलं संध्याकाळी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, त्याच आवाजात, मधल्या खोकल्यासकट. पाद्रीबाबांचं नाकातलं बोलणं, दुकानदाराचं प्रत्येक वाक्याआधीचं "हे बघा," स्वतःच्या आईचं फोनवरचं गोड आणि फोन ठेवल्यावरचं तिखट, सगळं तिच्या गळ्यात तयार. मैत्रिणी हसून हसून भिंतीला टेकायच्या आणि म्हणायच्या, "आता आमची कर गं." ती करायची, मग त्या रुसायच्या.

पण तिची खरी विद्या माणसांची नव्हती, रानहंसांची होती.

ती तिला इझिदोर मामाने दिली. मामाचं रानात एक लहानसं तळं होतं. त्याच्या तळाशी झरा असल्यामुळे नदी अजून दगडासारखी गोठलेली असताना तिथला बर्फ सुटायचा. वसंतात हंस दक्षिणेकडून यायला लागले की शिकारीसाठी मामा तिला एका काठाला झुडपात बसवायचा आणि स्वतः समोरच्या काठाला जायचा. तोंडाला तळवा लावून ती साद घालायची, पलीकडून मामा उत्तर द्यायचा.

"एकच बोलला तर वरचे नुसते ऐकतात आणि पुढे जातात," मामा सांगायचा. "दोघं बोलले की त्यांना वाटतं, इथे कुणीतरी नांदतंय." आणि मग शिव्या. "तोंड वर करू नकोस. वरून भाकरीसारखं चमकतं तुझं थोबाड. हलू नकोस. हसू नकोस. हसायचं असेल तर घरी जा."

डेल्फीन मोठी होईस्तोवर मामाच्या तळ्यापलीकडचं रान नाहीसं झालं होतं. तिथल्या मातीत तेल आहे, डांबरासारखं, वाळूला चिकटलेलं. एक तेलकंपनी ती वाळू खणून गरम पाण्याने धुवायची आणि धुतलेलं घाण पाणी एका तळ्यात सोडायची. तळं कसलं, पलीकडचा काठ दिसायचा नाही. सगळं जग बर्फाखाली असताना त्या पाण्यावर वाफा निघत असायच्या. वरून थकून आलेल्या पाखराला एवढं मोठं दुसरं पाणी दिसायचंच नाही. ते उतरायचं, पंखांना काळं चिकटायचं आणि संपायचं.

कंपनीने काठावर गॅसच्या तोफा ठेवल्या होत्या, ठराविक वेळाने धडाम करणाऱ्या. पाण्यावर नारिंगी कपड्यांतली बुजगावणी तरंगत ठेवली होती. कावळे त्यांच्या डोक्यावर बसून ऊन खायचे.

या सगळ्यावर बोलायला कंपनीचा हॉलिस म्हणून एक माणूस दरवर्षी गावच्या सभागृहात यायचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण बोलायला लागला की शब्द साबणासारखे हातातून निसटायचे. त्या वर्षी बायकांनी विचारलं, रानफळांवर धूळ बसते त्याचं काय, नदीचं पाणी पिववत नाही त्याचं काय, हंसांचं काय. हॉलिसने पेनाचं टोक टक केलं.

"तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांची नोंद घेतली जाईल. आणि या वाटेवर आपण सगळे सोबत आहोत."

मागच्या रांगेतून तेच वाक्य पुन्हा आलं. तोच आवाज, तोच आवंढा, शेवटी तीच टक. क्षणभर हॉलिसलाच वाटलं की आपण दोनदा बोललो. सभागृह हसून आडवं झालं. सगळ्यात शेवटी तोही हसला.

"तुम्हाला इतकं बारीक ऐकू येतं," तो म्हणाला, "तर तळ्यावर पाखरं राखायला या ना."

"येते की," डेल्फीन जागेवरूनच म्हणाली. "मला ऐकू येतंच. ऐकायची सवय तुम्हाला लावायची आहे."

तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मामा चाकूने काठी तासत बसला होता, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. "झाली कंपनीची."

"कंपनीची नाही, हंसांची. पगार तेवढा कंपनीचा."

"हं. पहिला थवा त्या काळ्यात उतरू दे, मग सांग मला तू कुणाची."

कंपनीच्या तळ्यावर तिचा मुकादम वेन होता, दूरच्या समुद्रबेटावरून कामाला आलेला. त्याच्या प्रत्येक वाक्याला 'बाळा'ची शेपटी असायची. "आवाज आला की हे बटण दाबायचं, बाळा. तोफ उडते. डोकं चालवायचं नाही, बाळा." दुपारच्या चहापर्यंत डेल्फीन त्याच्याच आवाजात त्याला साखर मागत होती.

आणि एका सकाळी दक्षिणेकडून ते आले. आधी नुसती कुजबुज, मग आभाळभर गलका. बटण डेल्फीनच्या उजव्या हाताशी होतं. पण तो आवाज ऐकला की तिचा हात आयुष्यभर एकाच ठिकाणी गेला होता. ती बांधाआड खाली बसली, टोपी पुढे ओढली, चेहरा गुडघ्यात घातला, तळवा तोंडाला लावला आणि साद घातली. इतकी सुरेख साद तिने याआधी कधी घातली नव्हती.

पुढचा हंस वळला. थवा त्याच्यामागे वळला. पंख फडफडायचे थांबले, पाय पुढे आले. तेव्हा कुठे डांबराचा वास तिच्या नाकात शिरला.

"बाळा," वेन मागून म्हणाला, "हे काय चाललंय?"

मग लहानपणी जे जे केल्याबद्दल शिव्या खाल्ल्या होत्या, ते सगळं डेल्फीनने एकदम केलं. उभी राहिली. टोपी फेकली. तोंड आभाळाकडे केलं. हात हलवत बांधावरून धावली, आणि तिच्या गळ्यातून मामाच्या सगळ्या शिव्या मामाच्याच आवाजात बाहेर पडल्या. वेनने बटण दाबलं. थवा फाटल्यासारखा वर उठला आणि उत्तरेकडे निघून गेला.

एक मात्र उठला नाही.

वेनने होडी घालून त्याला काढून आणलं तोवर तो मेला होता. "घे," वेन म्हणाला, 'बाळा' न लावता.

वर्षातला पहिला हंस ज्याच्या हाती येतो त्याने तो घरातल्या वडीलधाऱ्याकडे न्यायचा, ही तिथली रीत. त्याचे पंख घरामागच्या झाडाला बांधतात, पाण्याच्या बाजूला तोंड करून, म्हणजे बाकीच्या हंसांना कळतं की इथे आपला मान राखतात. डेल्फीनने तो काळा हंस पोत्यात घालून मामाकडे नेला. तासून झालेली काठी मामाने बाजूला ठेवली.

"आपणहून आला?"

"मी बोलावला."

"चांगला बोलावलास?"

डेल्फीनने ओठ चावला. "तू असतास तर शाबास म्हणाला असतास."

मामाने त्या पंखांवरून बोट फिरवलं, ते काळं झालं. मग आतून चिंधी आणि रॉकेल आणलं. दोघांनी मिळून पंख पुसले. निघेल तेवढं निघालं. मळकट झालेले ते पंख मामाने झाडाला बांधले, अगदी रीतीप्रमाणे.

"हाकलून भागायचं नाही मामा," डेल्फीन म्हणाली. "दमलेल्याला हाकललं की तो चक्कर मारून तिथेच येतो. जायला दुसरी जागा पाहिजे. तुझं तळं दे मला."

"घे की. मी काय अंथरून झोपतो त्याच्यावर?"

"बंदुकीशिवाय. बोलावून घेतलेल्याला मारायचं नाही. एकदा मारलं की पुन्हा तिथे कुणी उतरणार नाही."

मामाच्या तळ्यावरची शिकार म्हणजे अर्ध्या गावाचं वसंतातलं जेवण. "म्हणजे मी करायचं काय? स्वेटर विणू?"

"लांबच्या दलदलीवर जा."

"माझ्या गुडघ्यांना विचारलंस?" तो दार लावून आत गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

हॉलिसला मात्र तिने सोडलं नाही. तुमच्या तळ्याच्या पूर्वेच्या तोफा उडवा, पश्चिमेच्या गप्प ठेवा, म्हणजे थवा पश्चिमेला मामाच्या तळ्याकडे सरकेल. हॉलिसने पेन टक केलं. डेल्फीनने तोंडाने टक केलं. त्याने पेन खिशात ठेवलं.

"एका थव्यापुरतं करून बघू," तो म्हणाला. "एकही पाखरू आमच्या पाण्यात उतरलं, तर सगळ्या तोफा पुन्हा पहिल्यासारख्या."

"उतरणार नाही," डेल्फीन म्हणाली. तिला उत्तर असंच द्यायची सवय होती, खात्री असो वा नसो. त्या दिवशी होती.

मोठा थवा आला तेव्हा ती मामाच्या तळ्यावर झुडपात बसलेली होती. पाण्यावर थवा भुलावा म्हणून लाकडाचे रंगवलेले हंस वाऱ्याकडे तोंड करून मांडलेले. दूर धडाम झालं, वेनचं काम चोख. थवा वर उचलला गेला, वाकला, तिच्या दिशेने आला. तिने साद घातली.

ते ऐकत होते. माना खाली झुकलेल्या तिला दिसत होत्या. पण उतरेनात. एक फेरी घातली, दुसरी घातली आणि रुंद वळण घेऊन वाफा निघणाऱ्या पाण्याकडे कलायला लागले. एकच बोलला तर वरचे नुसते ऐकतात. डेल्फीनने पुन्हा साद घातली, मग लगेच दुसऱ्या गळ्याने स्वतःलाच उत्तर दिलं. पण दोन्ही आवाज एकाच काठावरचे, हंस काही वेडे नव्हते.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून उत्तर आलं. जाडं, फाटकं, म्हाताऱ्या नराचं.

ती बोलली. पलीकडून उत्तर आलं. ती पुन्हा बोलली. पुढचा हंस थबकल्यासारखा झाला आणि वळला. पंख स्थिर झाले, पाय पुढे आले, आणि सगळा थवा लाकडी हंसांच्या मधोमध पाण्यावर घसरत उतरला. डेल्फीनने चेहरा गुडघ्यातच ठेवला, कारण ती हसत होती.

हंस खाऊन, पिऊन, पंख साफ करून शांत झाल्यावर दोघं आपापल्या काठाने वाकत वाकत मागे सरले आणि वाटेवर भेटले. मामाचे दोन्ही हात खिशात होते. खांद्यावर बंदुकीच्या पट्ट्याची जागा रिकामी होती.

"गुडघे काय म्हणतात?" डेल्फीनने विचारलं.

"तुला शिव्या देतायत. दुसरी साद घाईत घातलीस."

"उतरले ना पण."

"माझ्यामुळे उतरले." त्याने मागे वळून झाडीतून पाण्याकडे पाहिलं. "उद्याही यावं लागेल म्हणजे. एकटीला तुला जमत नाही."

डेल्फीनने हॉलिसच्या आवाजात सांगितलं की आपली नोंद घेतली आहे आणि या वाटेवर आपण सगळे सोबत आहोत. मामाने तिच्या टोपीवर एक टपली मारली.

"जेवायला काय आहे?"

"मासा."

"परवा?"

"मासाच."

मामाने हंसांवरून एकदा नजर फिरवली, सुस्कारा सोडला आणि घराची वाट धरली.