चार पर्यायांची आत्या

आत्याने कुणाला साधा प्रश्न विचारल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं. सकाळी वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा भाऊ जिना उतरू लागला की खालच्या स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

"चहा कसा हवा? अ, साखरेचा. ब, बिनसाखरेचा. क, मघाचाच गरम केलेला. ड, यांपैकी नाही."

"ड," म्हणून भाऊ चपला अडकवायचा. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं पर्याय देत बसत नाहीत, नुसती बोंब ठोकतात.

ही खोड आत्याला तिच्या नोकरीने लावली होती. प्रश्नसंच आणि गाईडं छापणाऱ्या एका छापखान्यात तिने उभी हयात मुद्रितं तपासण्यात घालवली. तपासता तपासता चुका तर तिला सापडल्याच, पण त्याहून मोठी गोष्ट सापडली. ती म्हणजे प्रश्न काढणारा माणूस! हा प्राणी मुळात आळशी असतो, असं तिच्या लक्षात आलं. बरोबर उत्तर तो मन लावून लिहितो, म्हणून ते लांबलचक होतं. चुकीची तीन उत्तरं तो जेवायच्या सुट्टीआधी उरकतो, म्हणून ती आखूड आणि उपाशी दिसतात.

निवृत्त झाल्यावर तिने या ज्ञानाच्या भांडवलावर पुढच्या खोलीत क्लास काढला. चौथीच्या मुलांना वर्षाअखेर गणित आणि विज्ञानाची मोठी चाचणी असायची, तिची तयारी. मुलं सतरंजीवर बसायची, आत्या खुर्चीत. तिचे नियम पाठ असल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नसे. सगळ्यात लांब उत्तर बरोबर. 'कधीच' किंवा 'नेहमी' असलेलं उत्तर बाद. दोन उत्तरं एकमेकांच्या उलट असली तर खरं त्या दोघांतलंच. आणि 'वरील सर्व' दिसलं की विचार करण्यात वेळ दवडायचा नाही.

नवीन पालक आले की ती आपला हुकमी खेळ दाखवायची. पुस्तक उघडून प्रश्नावर तळहात ठेवायचा, फक्त पर्याय दिसू द्यायचे. मुलं प्रश्न न बघता उत्तर सांगायची. दहातली आठ-नऊ बरोबर यायची! पालकांचा आ वासायचा आणि तो मिटायच्या आत मुलाचं नाव क्लासात दाखल व्हायचं.

या खेळात एक नंबर होती तिची भाची, धाकट्या भावाची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी टिकलेली कुणी पाहिली नव्हती. आई नर्स, तिच्या पाळ्या चालायच्या, बाप लिफ्टच्या मागे. त्यामुळे भिंगरी शाळा सुटली की आत्याच्या खोलीत. जेवण आत्याकडे, अभ्यास आत्याकडे, रुसवे आत्यावर. आत्या म्हणायची, "ही कार्टी माझं डोकं खाते." पण तिला यायला पाच मिनिटं उशीर झाला तर हीच बाई रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन उभी राहायची आणि विचारलं की सांगायची, "हवा खायला आलेय."

त्या वर्षी एका रविवारी भावजय खाली आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. ती अशी कडेवर बसली की आत्याला कळायचं, काहीतरी टोचणारं येतंय.

"ताई, चौकातल्या शाळेत पाचवीला थोडीच मुलं घेणार आहेत म्हणे. चाचणीच्या गुणांवर."

"मग? आपली भिंगरी पहिली."

"लागला नंबर तर उत्तमच. नाही लागला तर हॉस्पिटलजवळच्या शाळेत घालावं लागेल. आणि एवढ्याशा पोरीला रोज इतक्या लांब बसने पाठवायचं माझ्या जिवावर येतं. तिकडेच घर बघू म्हणतोय आम्ही."

"बघा की," आत्या म्हणाली. "चांगलं आहे ते. अ, तुझं जाणं-येणं वाचेल. ब, हवा बरी असते तिकडे." आणि क काही तिला सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच!

त्यात भरीस भर म्हणून दुसऱ्याच दिवशी चौकातल्या शाळेच्या फाटकावर सूचना लागली. यंदा विज्ञानाच्या निम्म्या पेपरला पर्याय नाहीत. टेबलावर मांडलेल्या वस्तू हाताळून जे आढळेल ते मुलांनी स्वतःच्या वाक्यांत लिहायचं.

आत्याने सूचना तीनदा वाचली. "स्वतःच्या वाक्यांत?" ती फाटकालाच म्हणाली. "चौथीतल्या मुलांना स्वतःची वाक्यं असतात?"

संध्याकाळी तिने क्लासात चाचपणी केली. "मीठ पाण्यात ढवळलं तर त्याचं काय होतं?"

मुलं एकमेकांकडे अशी बघू लागली, जणू तिने कुणाचं तरी गुपित विचारलं होतं.

टाचणीने हात वर केला. टाचणी म्हणजे शेजारच्या शिंप्याचा मुलगा, अंगाने बारीक, बोलायला टोकदार. "आत्या, पर्याय?"

"पर्याय नाहीत."

"एकही नाही? निदान ड तरी सांगा!"

"नाहीत म्हटलं ना!"

भिंगरीने डोकं लढवलं. "बरं, उत्तर लांब आहे की आखूड, एवढंच सांग."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग टाचणीने, अगदी निरागसपणे, आगीत तेल ओतलं. "आत्या, मिठाच्या पाण्यात अंडं का तरंगतं?"

"तरंगतं म्हणजे... तरंगतंच. ब पर्याय आहे तो."

"पण तुम्ही पाहिलंय?"

तिने पाहिलं नव्हतं. तिने ते अंडं निदान वीस आवृत्त्यांत तपासलं होतं, त्यावरचे अनुस्वार दुरुस्त केले होते, पण अंडं स्वतः कधी पाण्यात सोडलं नव्हतं. आता हे चारचौघांत कबूल करणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. म्हणून ती ताडकन उठली. "चला स्वयंपाकघरात!"

काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, अंडं सोडलं. ते तळाशी जाऊन निवांत बसलं. आत्याने चिमूटभर मीठ टाकलं. अंडं ढिम्म. आणखी एक चमचा टाकला. अंड्याने कूस बदलली आणि पुन्हा निजलं. आठ डोकी भांड्यावर वाकली होती. फक्त भिंगरीची पेन्सिल चालली होती.

"काय लिहितेस?"

"'अंडे तरंगले.' झालं माझं. जाऊ खेळायला?"

"अगं, डोळे फुटले का तुझे? बुडालंय ते!"

"गाईडात तरंगतं."

"पण इथे?"

भिंगरीने भांड्याकडे एक ओझरती नजर टाकली आणि शांतपणे निकाल दिला. "अंडं चुकलंय."

मुलांनी माना डोलावल्या. आत्या बघतच राहिली. हा निकाल तिचाच होता. तिनेच तर या पोरीला प्रश्नाकडे न बघता उत्तर द्यायला शिकवलं होतं. आता पोरगी अंड्याकडे न बघता उत्तर देत होती आणि शाबासकीची वाट पाहत होती.

"भिंगरे," ती जरा घसा साफ करून म्हणाली, "अंड्याने गाईड वाचलेलं नाही. खोड ते. जे दिसतंय तेवढंच लिही."

"आणि ते चुकलं तर?"

"तर माझ्या नावावर."

भिंगरीने गाल फुगवून लिहिलं, 'अंडे बुडाले आहे. आत्या मीठ घालते आहे.' आत्या मीठ घालतच होती. अख्खी बरणी संपत आली तेव्हा अंडं हळूच हललं, तळ सोडून वर आलं आणि टक्कल पडलेल्या माणसासारखं पाण्याबाहेर डोकं काढून बघू लागलं. मुलांनी असा गिल्ला केला की वरून भावजय रात्रपाळीआधीची झोप मोडून धावत आली. त्या दिवशी सगळ्यांनी अळणी भाजी खाल्ली आणि भाऊ सोडून कुणीही कुरकुर केली नाही.

मग घराला काही धरबंध राहिला नाही. टोपल्याखाली रोपं, फळीवर बर्फ, खिडकीत वाळत घातलेले ओले रुमाल. मुलं खोलीची लांबी वितीने मोजायची. प्रत्येकाचं उत्तर वेगळं यायचं आणि त्यावरून हातघाई व्हायची, मग एकदाची मोजपट्टी बाहेर निघायची. भाऊही त्यात ओढला गेला. जड वस्तू आधी पडते की हलकी, हा प्रश्न निघाल्यावर त्याने छाती पुढे काढली.

"जड! लिफ्टच्या धंद्यात केस पांढरे झाले माझे."

जिन्याच्या वरच्या पायरीवरून त्याने एका हातातून मोठा पाना आणि दुसऱ्यातून छोटा नट खाली गादीवर सोडला. दोन्ही बरोबर आदळले. भाऊ म्हणाला, मधे वारा आला. खिडकी लावून पुन्हा सोडले, तर म्हणाला, हात हलला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, गादीच टाकाऊ आहे.

टाचणीच्या वहीत नोंद झाली, 'दोन्ही एकदम पडले. तीनदा केले. काका रागावले.'

आत्याने त्याला पैकीच्या पैकी दिले. पण रात्रीचं आवरताना ती जुनी गाईडं पुन्हा चाळायची. जुन्या युक्त्या तिच्या हातच्या होत्या, त्यांवर तिचा भरवसा होता. या नव्या रस्त्यावर ती स्वतःच मुलांच्या बोटाला धरून चालत होती. आणि चुकलं तर वरच्या खोल्या रिकाम्या.

चाचणीच्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी सगळ्यांच्या आधी हजर होती. घंटा झाली. मुलं लोंढ्यासारखी बाहेर आली आणि भिंगरी नेहमीप्रमाणे गिरकी घेत.

"काय होतं टेबलावर?"

"लोहचुंबक! खिळा, खोडरबर, बटण आणि स्टीलचा चमचा. कोणतं चिकटतं ते लिहायचं होतं."

आत्याचा जीव भांड्यात पडला. हे तर सोपं! "मग काय, खिळा आणि चमचा."

"नाही, नुसता खिळा. चमचा नाही चिकटला."

"अगं, स्टील चिकटतं!"

"नाही चिकटलं. मी तीनदा केलं. मग लिहिलं, 'गाईडमध्ये स्टील चिकटते, पण हा चमचा चिकटत नाही. यात दुसरे काहीतरी मिसळलेले असेल.'"

टाचणी मागून आला. "मी तर चमच्याला हातच नाही लावला. लिहून टाकलं, चिकटतो. वेळ वाचवला."

आत्याने भिंगरीचा हात धरला आणि ती झपझप चालू लागली. स्टील चिकटतं. वीस आवृत्त्यांत चिकटतं. 'जे दिसतंय तेवढंच लिही' हे शहाणपण या पोरीला शिकवलं कुणी? आपल्याच हाताने तिला वरच्या मजल्यावरून उठवून हॉस्पिटलजवळच्या घरात बसवलं की!

"रागावलीस?" भिंगरीने विचारलं.

"नाही गं," आत्या म्हणाली. "ऊन लागतंय."

घरी आल्यावर तिने फ्रिजवर लावलेलं अननसाच्या आकाराचं चुंबक ओढून काढलं आणि चमच्यांचा खण उघडला. पहिला चमचा खटकन चिकटला. दुसरा चिकटला. तिसरा उचलला, त्याला चुंबक लावलं. चुंबक घसरलं आणि ओट्यावर पडलं.

आत्याने इकडेतिकडे बघितलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा तिने अशी आरोळी ठोकली की भिंगरी पळत आली. मग दोघींनी स्वयंपाकघर पालथं घातलं. डाव चिकटला नाही, झाकणं चिकटली. एक पातेलं चिकटलं, त्याच्याच शेजारचं तसंच चकचकीत पातेलं चिकटलं नाही. भाऊ घरी आला तेव्हा थोरली बहीण फतकल मारून जमिनीवर बसली होती, भोवती भांड्यांचा बाजार.

"ताई, हे काय?"

"गप्प बस. तुझा टिफिन दे इकडे."

टिफिनही चिकटला नाही. भिंगरी बरोबर होती. पण बरोबर असणं आणि बरोबर धरलं जाणं यात किती अंतर असतं, हे छापखान्यात आयुष्य गेलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. तपासणारा गाईड उघडून बसला असेल तर? निकाल लागेपर्यंत तिने भेटेल त्याच्या हातातल्या डब्यालाही चुंबक लावून पाहिलं. लोकांना वाटलं, वय झालं.

निकालाच्या दिवशी यादी फळ्यावर लागली. आत्या फाटकाबाहेरच थांबली. "मला नीट दिसत नाही," ती म्हणाली, चांगला चष्मा नाकावर असताना. भाऊ गर्दीत घुसला, पण नावं वरून वाचता वाचता मधेच अडकला. शेवटी ड्यूटीवरून गणवेशातच आलेल्या भावजयीने त्याला बाजूला सारलं आणि बोट खाली खाली नेलं. ते अर्ध्याच्या खाली गेलं. आत्याने डोळे मिटले.

"ताई! आहे! आहे आपली!"

पहिली नव्हती. शेवटून मोजणं सोपं पडेल अशा जागी होती, पण होती. गर्दीतून वाट काढत शाळेच्या विज्ञानाच्या बाई आल्या. "चमच्याचं उत्तर हिचंच ना? बऱ्याच मुलांनी तो उचललाच नाही हो. आम्ही मुद्दाम तसला शोधून ठेवला होता."

"मुद्दाम?" आत्या म्हणाली. प्रश्न काढणारी माणसं आळशी असतात, हे मत तिला भर रस्त्यात उभ्या उभ्या बदलावं लागलं.

क्लासाचा निकाल यंदा इतर वर्षांपेक्षा कमी लागला. टाचणी चमच्यात गेला, तरी गणिताने तरला. आत्याला त्याची रुखरुख लागली, ती साधारण घरी पोचेपर्यंत टिकली. घरी भावजयीने घर दाखवणाऱ्याला फोन लावला आणि आत्याच्या देखत सांगितलं, "नको हो. आम्ही इथेच आहोत."

आत्या चहा घेऊन पुढच्या खोलीत बसली. तेवढ्यात डोक्यावर धप् धप् सुरू झालं. भिंगरी वर दोरीच्या उड्या मारत होती. छताचा पोपडा सुटून कपाशेजारी पडला.

"अगं थांब! आत्याच्या डोक्यावर नाचतेस का?" भाऊ खालूनच वर ओरडला.

धप् धप् बंद झालं. आत्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग कप भिंतीकडे सरकवला, जिन्यापाशी गेली आणि हाक दिली,

"का गं, थांबलीस?"